मापांची वही

९ जून

प्रिय पोपटा,

तुझ्या शाळेची मापं काल एकदाची संपली. चार दिवस, सहाशे बारा पोरं, आणि माझ्या कमरेचे वाजले बारा. पाचवीतल्या एका बारक्याने विचारलं, "काका, दरवर्षी कशाला मोजता? आम्ही काय पळून जातो?" त्याला म्हटलं, "पळत नाही रे, वाढता. आणि वाढताना आमच्या दुकानाला विचारत नाही."

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू हेडमास्तर असतोस. पत्रात अजून तोच भेटतोस, माझ्या शेजारी बाकावर बसून पाढे घडाघडा म्हणणारा. मला सातच्या पुढे येईनात, म्हणून अकराव्या वर्षी काजं-बटणं करायला बसलो. आज तुझ्या अख्ख्या शाळेला कपडे घालतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालून ठेवतो. दहावीत एक पोर आहे. गणित सोडवताना गुणगुणतं म्हणून सगळे भुंगा म्हणतात. मुलींच्या रांगेत होतं. मुलींची मापं आमच्या कटरबाई पडद्याआड घेतात. हे आत गेलं ते दप्तर छातीशी कवटाळून. बाईंनी तीनदा सांगितल्यावर दप्तर खाली ठेवलं आणि डोळे छताला लावून उभं राहिलं. बाई म्हणाल्या, दात उपटून घ्यायला आल्यासारखं.

मग माझ्या टेबलाशी आलं. "काका, मला स्कर्ट नको. पँट शिवा."

"का गं? सायकलवर अडतं का?"

"नाही. मी मुलगा आहे म्हणून."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एखादी गिळलीच असती. "घरी माहीत आहे?"

"आईला आहे. बाबांना सांगितलंय. ते अजून ऐकतायत."

चार दिवसांची हौस असेल, असं आपलं मला वाटतं. पण मागणी सरळ केली, लाजत-मुरकत नाही. दोन पँटी कापायला घेतो. तुझ्या नियमात अडत असेल तर आधी सांग, नंतर उसवायला लावू नकोस.

तुझा
टाचणी

२० जून

प्रिय टाचणी,

पत्र वाचून हसलो. आपल्या वेळी पँटीला ढोपरावर ठिगळ असलं तरी आपण ऐटीत फिरायचो. आता ठिगळ नको म्हणून अख्खी पँटच बदलायची! असो. शिव बाबा, शिव. आधीच कपड्यांवरून रुसवे-फुगवे, त्यात आणखी एक.

त्या मुलीला मी ओळखतो. हुशार आहे, पण जरा डोक्यात गेलंय. वळणावर येईल.

एक काम कर. दहावीच्या मुलींच्या मापांची वही पाठवून दे. गेल्या वर्षी कपडे ढगळ झाले म्हणून पालकांनी डोकं उठवलं होतं. यंदा समितीला आधीच दाखवून ठेवावं म्हणतो. नक्कल नको, मूळ वहीच दे, आणि नावं नीट वाचता येतील एवढं बघ. आठवड्यात परत करतो.

बायको विचारते, कधी येतोस?

तुझा
पोपट

२ जुलै

प्रिय पोपटा,

वही गाडीवाल्याबरोबर पाठवली आहे. आमचे वस्ताद म्हणायचे, मापाची वही दुकानाचा उंबरा ओलांडता कामा नये. माप ज्याचं अंग त्याला ठाऊक आणि ज्याची कात्री त्याला, तिसऱ्याला नाही. पण तू तिसरा कसला? म्हणून पाठवतोय.

भुंगा परवा फिटिंगला आला होता. पँट घालून बाहेर आला आणि पहिल्यांदा खिशात हात घातले. "काका, खिसे खरे आहेत!" मुलींच्या स्कर्टला आपण वरवरची पट्टी लावून खिशाचा भास करतो. आजवर कोणी बोललं नव्हतं. मला ऐकूनच शरम वाटली.

पुढची गंमत ऐक. शर्ट खांद्यात तंग झाला, चांगला अर्धा इंच. मी कटरबाईंवर उखडलो, एवढी वर्षं झाली आणि अजून खांदा चुकता? त्यांनी पुन्हा टेप लावली आणि म्हणाल्या, "मास्टर, माप बरोबर होतं. त्या दिवशी तो आक्रसून उभा होता. आज सरळ उभा आहे." मी तीस वर्षं खांदे मोजतोय. पँट घालून कोणाचा खांदा वाढलेला पाहिला नव्हता. चार दिवसांची हौस म्हणालो होतो ना, ते शब्द मागे घेतो.

आता जरा नीट ऐक. आमचा गाडीवाला तुझ्या फाटकाशी तासभर बसला होता. पोरांचं बोलणं त्याच्या कानावर आलं. म्हणे, भुंगा शाळेत पाणीच पीत नाही. मुलींच्या मुतारीत गेला की मुली किंचाळतात, मुलांच्या मुतारीत गेला की मुलं दार ढकलतात, वरून डोकावतात. म्हणून सकाळी सात ते दुपारी दोन, घोटभरसुद्धा नाही. खरं आहे का रे? असेल तर एका दाराला आतून कडी लावून देणं हे सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. सुतार मी पाठवतो.

तुझा
टाचणी

२४ जुलै

प्रिय टाचणी,

उत्तराला उशीर झाला, पण इथे महाभारत चाललं होतं. आता निकाल लागलाय, म्हणून सविस्तर लिहितो. तुला गंमत वाटेल.

तुझी पँट घालून ती शाळेत आली आणि चार पालक माझ्या खोलीत येऊन बसले. मग समितीची बैठक लावली. आम्ही आठजण, शिवाय इतिवृत्त लिहायला विज्ञानाच्या बाई. एक म्हणाले डॉक्टरांचा दाखला मागवा, दुसरे म्हणाले आईबापांना बोलवा. तेवढ्यात आमचे कवायतीचे सर उठले आणि तुझी वही उघडून म्हणाले, "दाखला कशाला? हा घ्या दाखला." आणि त्यांनी तिची मापं एकेक करून मोठ्याने वाचली, लिलाव पुकारतात तशी. काय सांगू तुला! अध्यक्षांच्या नाकातून चहा आला. शेवटी सर म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत." सगळे हसून-हसून बेजार. फक्त विज्ञानाच्या बाई कप ठेवून बाहेर गेल्या. त्यांना मेलं कशातच रस नसतो.

तर ठरलं असं. सोमवारपासून स्कर्ट. असले प्रकार पुन्हा करणार नाही, असं तिने आणि आईबापांनी हमीपत्र द्यायचं. नाही दिलं तर अखेरच्या परीक्षेच्या फॉर्मवर मी सही करायची नाही. सहीची मुदत ऑक्टोबरअखेर आहे, तोवर येईल शुद्धीवर.

तुझी वही कामाला आली रे. ढगळ कपड्यांचं मी उगाच लिहिलं होतं, खरं सांगितलं असतं तर तू वस्तादांचं पुराण लावलं असतंस. कडीचं मात्र राहू दे, एकीला लावली की दहाजणी मागतील.

तुझा
पोपट

२७ जुलै

पोपटा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कापायच्या टेबलाशी चहा घेत होतो. वाचून होईपर्यंत चहावर साय धरली. कप तसाच मोरीत ओतला. दोष चहाचा नव्हता.

आठ मोठी माणसं. डोक्यावर पंखा, पुढ्यात बिस्किटं, आणि पंधरा वर्षांच्या लेकराचं अंग आकड्यांत वाचून दात काढतायत. एकालाही आठवलं नाही, की आपल्या घरीही त्या वयाचं कोणी आहे? तरुणपणी मी नाक्यावरच्या टवाळांचेही कपडे शिवलेत. तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावरून बोलायचे. पण ते निदान नाक्यावर उभे राहायचे, खुर्चीत बसून ठराव करायचे नाहीत. आणि तू तो ठराव मला "गंमत" म्हणून लिहितोस! शी!

आकडे खोटं बोलत नाहीत म्हणे. अरे, माझा जन्म आकड्यांत गेला. आकडा सांगतो कापड किती लागेल. कपड्याच्या आत कोण उभं आहे, ते त्यालाच विचारावं लागतं. त्याने ते मला टेबलापलीकडून एका वाक्यात सांगितलं होतं. तुमच्यातल्या एकाने तरी त्याला विचारलं?

आणि सगळ्यांत घाण वाटते ती माझी मला. वही मी दिली. तू नावं वाचता येतील असं बघ म्हणालास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ढगळ कपड्यांना नावं कशाला लागतात? चुकचुकली नाही, कारण लिहिणारा तू होतास. दोन दिवस टेप हातात घेतली की हात धुवावेसे वाटतात.

काल मी त्यांच्या घरी गेलो. आई दवाखान्यात परिचारिका आहे. मला वाटलं शिव्या देतील, त्यांनी खुर्ची दिली. मी हात जोडले, म्हटलं, "वही माझ्याकडून गेली." त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्टर, मी वीस वर्षं परक्या माणसांची अंगं पुसते. आजवर एकाच्याही अंगाबद्दल घरी येऊन बोलले नाही. तुम्हाला एक वही सांभाळता आली नाही?"

मान खाली घातली.

बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी ती मापं दहावीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली होती. तुमच्या आठांपैकी कोणाच्या तोंडून गळली ते तू शोध. गणिताच्या तासाला सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता आणि सरांनी ते पुसायच्या आधी दोनदा वाचलं, असं आईने सांगितलं. तेव्हापासून तो शाळेत गेलेला नाही. बाप मोटारींचा मेकॅनिक. हात काळे होते म्हणून आत न येता दाराशी उभा होता. एवढंच म्हणाला, "आमचा पोरगा जेवत नाही." पोरगा म्हणाला तो, पोपटा. त्या माणसाचं ऐकून झालं. तुझं अजून सुरूही झालेलं नाही.

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. बराच वेळ कान देऊन बसलो. गुणगुण नव्हती.

माझी वही परत कर. हमीपत्र फाड. फॉर्मवर सही कर आणि त्या घरी जाऊन माफी माग. मी जाऊन आलोय, रस्ता सांगतो.

टाचणी

२८ सप्टेंबर

माननीय महोदय,

आपले दि. २७ जुलैचे पत्र समितीपुढे ठेवण्यात आले. त्यातील भाषेबद्दल समितीने तीव्र नापसंती नोंदवली आहे. सदर विद्यार्थिनी स्वेच्छेने गैरहजर असून शाळेने तिला कोणताही मज्जाव केलेला नाही. हमीपत्र प्राप्त होताच परीक्षेच्या फॉर्मचा विचार करण्यात येईल. फळ्यावरील लिखाणाशी शाळेचा संबंध नाही. मापांची वही शाळेच्या दप्तरी जमा आहे. तसेच पुढील तीन वर्षांच्या गणवेशाच्या कामाचा निर्णय विचाराधीन आहे, याची नोंद घ्यावी.

आपला विश्वासू,
मुख्याध्यापक

टाचणी, वरचं टाईप केलेलं समितीसाठी आहे. हे पेन्सिलीने तुझ्यासाठी. दोन महिने तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. मला निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. अध्यक्ष त्यांच्या मेहुण्याला माझ्या खुर्चीवर बसवायला टपलेत. मी त्या दिवशी हसलो, कारण सगळे हसत होते. एका पोरीसाठी, बरं, पोरासाठी, मी रस्त्यावर येऊ का? तू धंदेवाला माणूस, तुला कळायला हवं. हा भाग वाचून खोडून टाक.

४ ऑक्टोबर

पोपटा,

खोडला नाही.

तुझी तिन्ही पत्रं आणि माझ्याही तिन्ही पत्रांच्या नकला मी त्याच्या आईच्या हातात दिल्या. पत्राची नक्कल काढून ठेवायची सवय मला धंद्याने लावली. आईने बंद दाराशी जाऊन विचारलं, "वरच्या ऑफिसात द्यायची का?" दाराखालून चिठ्ठी सरकली. तिच्यावर एकच शब्द होता, "द्या." आईने काल शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, सोबत हा सगळा गठ्ठा. विज्ञानाच्या बाईंनी बैठकीत काय झालं ते सहीनिशी लिहून दिलं आहे. मेलं कशातच रस नसलेल्या बाईंनी. त्या आठवड्यातून तीनदा घरी जाऊन त्याला शिकवतात, तेही तुला आता कळू दे.

मित्राची खासगी पत्रं दिली, हे मला शोभलं नाही, असं तू म्हणशील. नाहीच शोभलं. ती देताना मला बरं वाटलं नाही आणि अजून वाटत नाही. पण त्या गठ्ठ्यात माझीही अब्रू आहे. "हौस असेल" म्हणणारा मी आहे, वही देणारा मी आहे. त्याला त्या आठांसमोर उघडं पाडलंत, तेव्हा झाकून घ्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. तुझ्याकडे निदान पेन्सिल होती.

गणवेशाचं काम मी सोडलं. धमकी द्यायची तर आधी समोरचा घाबरतो का ते बघावं. ते काम गेल्याने माझ्या चाळीस मशिनींपैकी नऊ थांबतील. कारागिरांना सगळं खरं सांगितलं. दोघे कुरकुरले, कटरबाई म्हणाल्या, "त्या वहीत अक्षर माझं होतं, मास्टर. मीच ती कापडं कापू शकणार नाही."

तू धंदेवाला म्हणालास. आहेच. म्हणून सांगतो, फाटलेलं दिसतं तिथेच शिवायचं असतं. तू अस्तर बदलत बसलायस.

टाचणी

२६ ऑक्टोबर

महोदय,

शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या आदेशानुसार विद्यार्थ्याच्या फॉर्मवर आज सही केली. हमीपत्राची अट रद्द झाली. वही त्याच्या आईकडे सुपूर्द केली. विद्यार्थ्याची सोय म्हणून परीक्षेसाठी त्याची बैठक वेगळ्या खोलीत ठेवण्यात येईल.

कवायतीच्या सरांची बदली झाली आहे. माझी चौकशी चालू आहे. चाळीस वर्षांची पत्रं माझ्याकडेही आहेत. मी ती कोणाला दाखवली नाहीत, दाखवणार नाही. एवढा फरक तुझ्या-माझ्यात राहिला, हे लक्षात ठेव.

मुख्याध्यापक

११ मार्च

काका,

आई म्हणाली, मास्टरकाकांना आभाराचं पत्र लिही. हे ते पत्र नाही.

परीक्षा चालू आहे. मला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवतात. एक बाक, एक मी, एक पर्यवेक्षक आणि हवा गेलेले चेंडू. माझी "सोय" म्हणून. पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं आणि विचारलं, "तू नक्की कोण?" मी म्हटलं, "परीक्षार्थी." त्यांनी पेपर दिला. बीजगणित चांगलं गेलं. गुणगुणलो, कारण त्या खोलीत गप्प बस म्हणणारं कोणी नव्हतं.

तुमची आणि हेडमास्तरांची सगळी पत्रं मी वाचली. तुमची चांगली आहेत, मधेच हसूही आलं. पण मग चिडलो. तुम्ही माझ्या आईची माफी मागितलीत. तिच्यापुढे मान खाली घातलीत. हेडमास्तरांना तर पानंच्या पानं लिहिलीत. सगळे माझ्याबद्दल बोलत होते, ते आठजण हसून आणि तुम्ही चिडून. मी आठ फुटांवर आत बसलो होतो. तुम्ही बराच वेळ कान देऊन बसलात, असं तुम्हीच लिहिलंय. मीही कान देऊनच बसलो होतो. दार लावलेलं होतं, त्याला कुलूप नव्हतं. वाजवायचं होतंत.

मापं माझी होती, आईची नव्हती.

फॉर्म भरला गेला तो तुम्ही पत्रं दिलीत म्हणून, हे मला कळतं, आणि त्याबद्दल थँक्यू, मनापासून. वही दिलीत तीही तुम्हीच. मी दोन्हींची वजाबाकी करून बघितली. होत नाही. दोन्ही तशाच्या तशा उरतात.

अजून भूमिती आणि इतिहास आहे. इतिहास शनिवारी संपतो. रविवारी सकाळी मी घरी असेन. यायचं तर या. खुर्चीवर बसू नका, आईशी बोलत बसू नका, सरळ आतल्या खोलीकडे या. काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवून या, मी मदत करणार नाही. माफ करेन असं धरूनही येऊ नका.

मी माझं नवं नाव ठरवलंय. आईबाबांना आणि बाईंना माहीत आहे. तुम्हाला सांगायचं की नाही, ते तुमचं ऐकून झाल्यावर बघतो. तोपर्यंत,

भुंगा